उरलेले सत्तर

आमचे हे अमेरिकेच्या सैन्यात, २००५-०६ साली इराकमध्ये बलाडच्या तळावर होते, ट्रकची इंजिनं दुरुस्त करायला. तळावर एक भलामोठा खड्डा होता. प्लॅस्टिक, रंगाचे डबे, बॅटऱ्या, दवाखान्यातली घाण, सगळं त्यात टाकायचं आणि विमानाचं इंधन ओतून पेटवायचं. रात्रंदिवस. "नाक शिंकरलं की रुमाल काळा," हे सांगायचे, आणि वर हसायचे.

२०१८ मध्ये उजव्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. मूत्रपिंड काढलं. पुढच्या वर्षी अपंगत्व भत्त्याचा क्लेम केला, तो नामंजूर. धुरामुळे हे झालं असावं, असं डॉक्टरांचं पत्र हवं. आमचे डॉक्टर भला माणूस, पण पेन हातात घेऊन थांबले. "सिगरेट नाही, घराण्यात कुणाला नाही, पण धूरच कारण असं मी कशाच्या जोरावर लिहू?" त्यांचंही खरंच होतं. तेरा वर्षांपूर्वीच्या धुराचा पुरावा कुठून आणायचा?

मग १० ऑगस्ट २०२२ ला पॅक्ट कायदा आला, असा विषारी धूर सोसलेल्या माजी सैनिकांसाठीचा. आता इराकमधली नोकरी कागदावर असली आणि आजार यादीत असला, की संबंध गृहीत धरतात. यादीत मूत्रपिंडाचा कॅन्सर होता! डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचा कागद, मी लग्नाच्या अल्बममध्ये ठेवला होता, हरवू नये म्हणून. मग तोच सापडेना, ते वेगळंच. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ऑफिसात माजी सैनिकांना मदत करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फॉर्म भरून दिला, एक पैसा घेतला नाही. १४ ऑगस्ट २०२३ च्या आत अर्ज गेला, तर भत्ता कायद्याच्या तारखेपासून धरणार होते, म्हणून त्यांनी घाई करायला लावली.

क्लेम मंजूर झाला. अपंगत्व तीस टक्के.

मला वाटलं होतं शंभर. शंभर टक्के कॅन्सर सक्रिय असताना आणि उपचार संपल्यावर सहा महिने. मग तपासणी करून काय बिघाड उरलाय ते बघतात, आणि एक मूत्रपिंड काढलेलं असलं तर कमीत कमी तीस. म्हणजे कायदा यायच्या आधी बरं व्हायची चूक ह्यांनी केली. मला राग आला, अजून येतो.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, चष्मा काढला. "म्हणजे सत्तर टक्के मी धडधाकट आहे," म्हणाले, आणि चहा मागितला.