आमची वाटचाल: एका मशीनपासून कुलूपबंद ड्रॉवरपर्यंत

धातूचे गोल भाग कापणारं एक टर्निंग मशीन आणि मी, एवढ्यावर आमचं वर्कशॉप सुरू झालं. मशीनचं सेटिंग मीच करायचो, बिलं मीच लिहायचो, माल पोचवायलाही मीच जायचो. पुढे पाच मशीन आणि नऊ माणसं झाली, तरी माझी सवय पहिल्या वर्षाचीच राहिली. येईल तो फोन मीच घ्यायचा, प्रत्येक चलानवर सही माझीच. संध्याकाळपर्यंत पार पिट्टा पडायचा, पण दिवसभरात केलं काय ते सांगता यायचं नाही.

मग ते बुशचं, म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांचं, प्रकरण झालं. २५ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, २०० नग. जुन्या ड्रॉइंगवर बोअरच्या मापाची मर्यादा एफ७, म्हणजे २५.०२० ते २५.०४१ मिलिमीटर. ग्राहकाने सुधारित ड्रॉइंग पाठवलं त्यात एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. तो मेल मी उघडला होता. पण त्याच वेळी गाडी कुठे अडकली यावरून ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर हुज्जत चालू होती. चार दिवसांनी पॅकिंगच्या वेळी नव्या ड्रॉइंगची प्रिंट निघाली, तेव्हा लक्षात आलं, नग जुन्याच ड्रॉइंगवर निघाले होते. एच७चं प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायचा दांडा, आणलं. त्याची जाड, नो-गो बाजू अडायला हवी, ती अलगद आत गेली. दुसरा नग, तिसरा नग, तेच. बोअर लहान राहिलं तर पुन्हा कापता येतं. मोठं झालेलं लहान करता येत नाही. सगळा लॉट भंगारात.

आमचे जुने सेटर वयाने माझ्यापेक्षा मोठे. ते एवढंच म्हणाले, "साहेब, ड्रॉइंग वाचताना तरी फोन बाजूला ठेवत जा."

त्यानंतर दोन आठवडे मी दर अर्ध्या तासाची नोंद वहीत केली. आठवड्याचे तास १६८. त्यातले ६६ वर्कशॉपमध्ये. फोन आणि गाड्यांची चौकशी २३ तास, ड्रॉइंग आणि कोटेशन ५. मुलीशी बोललो तो वेळ लिहायची लाजच वाटली.

१९५४ मधल्या एका भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका माजी कॉलेजप्रमुखाचं म्हणणं सांगितलं होतं: तातडीचं असतं ते महत्त्वाचं नसतं, आणि महत्त्वाचं ते कधीच तातडीचं नसतं. आमच्याकडे अगदी तसंच. ड्रॉइंग कधी बोंब मारत नाही, ट्रान्सपोर्टवाला मारतो. (त्यावरून निघालेला चार चौकोनांचा तक्ताही मी करून पाहिला; पहिला चौकोन तातडीच्या आणि महत्त्वाच्याही कामांचा. सगळी कामं पहिल्याच चौकोनात जाऊन बसली. फाडून टाकला.)

शेवटी केलं ते साधंच. सकाळी आठ ते दहा मोबाईल ड्रॉवरमध्ये, किल्ली ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंकडे. त्या दोन तासांत फक्त ड्रॉइंग आणि कोटेशन. गाड्यांचं सगळं स्टोअर बघणाऱ्या मुलाकडे, सहीच्या अधिकारासकट. पहिल्याच महिन्यात त्याने एकाचा माल दुसऱ्याकडे पाठवला. मी मध्ये पडलो नाही. निस्तरू दिलं त्यालाच. या सगळ्यात मला तेच सर्वांत जड गेलं. रोज ऐनवेळी चार-पाच नगांचं काम आणणाऱ्या एका ग्राहकाला नाही म्हटलं. आता सातला शटर खाली येतं. शनिवारी अजूनही नऊ वाजतात, ते जमलेलं नाही.

परवा पावणेनऊला ड्रॉवर थरथरायला लागला. थांबेचना. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ड्रॉइंगवरून मान वर केली नाही. दहाला उघडला तर एकाच नंबरवरून सात मिस्ड कॉल, आणि खाली मेसेज: गाडी पोचली.