सांगली फुटांत मोजायची

सांगलीत नवख्या माणसाला सगळे आधी गणपती मंदिरात पाठवतात. मी आधी आयर्विन पुलावर पाठवेन. 1929 च्या या दगडी पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात, आणि गाव कसं वाढलं, कुठे चुकलं, हे त्या आकड्यांवरूनच कळतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57.5 फुटांवर गेलं. धोक्याच्या वर साडेबारा फूट, अख्खा एक मजला.

जुना इतिहास पटकन आटोपतो. 1801 मध्ये पहिले चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले, गणेशदुर्ग उभा राहिला आणि गावभाग, खणभाग, पेठा नदीच्या जवळच वसल्या. पुढे मिरज रस्त्याला उंचावर विश्रामबाग वाढलं; विलिंग्डन कॉलेज 1919 चं, वालचंद 1947 चं. 1998 मध्ये सांगली, मिरज, कुपवाड एका महापालिकेत आले.

पुलावरून खाली उतरलात की शेरीनाल्याकडे जरूर जा. वास येतो, तरी जा. गावाचं सांडपाणी इथून कृष्णेत मिसळतं, हे बघून संताप होतोच, पण पुराचं खरं गणितही इथेच आहे. पूर काठ ओलांडून येतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात नदी नाल्याच्या मुखापेक्षा वर चढली की नाल्यातलं पाणी बाहेर पडत नाही, उलट नदीच नाल्यातून मागे गावात शिरते. खाली हरिपूरला वारणा मिळते. ती भरून आली की कृष्णेला फुगवटा येतो आणि पाणी लवकर उतरत नाही. म्हणून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथल्या लोकांना मारुती चौकाच्या कितीतरी आधी सामान हलवावं लागतं.

मुखाशी झडप बसवली की काम झालं, असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. झडप मिटली की गावात पडणारा पाऊस आतच तुंबतो. तो उपसून नदीत टाकायला पंप लागतो, आणि पंप डिझेलवरचा हवा, कारण पुरात वीज आधी बंद करतात. प्लास्टिक, जलपर्णी अडकली तर झडप पूर्ण बसत नाही. बोटभर फट राहिली तरी रात्रभरात गल्ली भरते. पावसाळ्याआधी मुखाशी साफसफाई आणि झडप उघडून-मिटून बघणं, दोन्ही व्हायलाच हवं.

तिथून रिक्षाने शामरावनगर. नदी इथून लांब, तरीही पाणी साचतं. जमीन काळी: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत रस्ता करायचा तर काळी माती काढून मुरूम भरायचा, दाबायचा, मग सोलिंग म्हणजे मोठ्या दगडांचा थर, मग खडी. आधी रस्ता आणि नंतर ड्रेनेजची चर, असा उलटा क्रम झाला आणि चरीत तीच काळी माती परत लोटली, की पहिल्या पावसात ती खचते आणि चेंबरभोवती खड्डा पडतो. त्यावर पुन्हा भर टाकतात. रस्ता उंच होत जातो, घरांची जोती खाली जातात, आणि अंगणातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

यातल्या बऱ्याच वसाहती गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून मंजुरीशिवाय विकलेल्या. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 33 बाय 33. एवढ्यात घर बसवायचं म्हटल्यावर गटाराला जागा कोण सोडणार? लोकांना दोष देणं मला पटत नाही; परवडणारी जागा तीच होती. 2001 च्या कायद्याने जुनी गुंठेवारी नियमित करता आली, 2021 च्या दुरुस्तीने ती सवलत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. कागद झाला. गटार मात्र वेगळं आखावं लागतं, आणि माझ्या मते नूतनीकरणाचा पहिला पैसा तिथेच जायला हवा, चौकांच्या सुशोभीकरणात नाही.

भडंग घ्या आणि शेवटी हरिपूरला जा. संगमेश्वराचं देऊळ, समोर कृष्णा-वारणेचा संगम, गर्दी कमी. याच भागात पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यांत, हळद साठवत. माती अशी घट्ट की हळद वर्षानुवर्षं टिके. 2005 च्या पुरात पाणी पेवांत उतरलं आणि हळदीसकट पेवं गेली. त्यानंतर साठवणूक जमिनीवरच्या गोदामांत आणि शीतगृहांत गेली.