राज्य माझ्यावर

परवा दुपारी माझा आठ वर्षांचा भाचा काळा टीशर्ट डोक्यावरून ओढून, बाह्यांची मानेमागे गाठ मारून, फक्त डोळे उघडे ठेवून माझ्या खोलीत आला आणि आपण निंजा, म्हणजे जुन्या जपानातला गुप्त हेर, झालो असल्याचे त्याने जाहीर केले. "मामा, राज्य तुझ्यावर. शंभरपर्यंत मोज," असे बजावून तो पळाला. मी मोजायला सुरुवात केली खरी. पण समोर जपानी शब्दकोश उघडा होता आणि ती भाषा शिकू लागलेल्या माणसाला अक्षरांची फोड करण्याची जी खोड जडते, तिच्यापुढे आकडे टिकत नाहीत.

'निंजा' हा शब्द दोन अक्षरचित्रांनी लिहितात. त्यांतले दुसरे सरळ आहे. 'जा' म्हणजे व्यक्ती, आपल्या 'करणारा'मधल्या 'णारा'सारखे. गंमत आहे ती पहिल्यात. 'निन' या अक्षरात वर शस्त्राचे पाते असते आणि खाली हृदय. काळजावर धार टेकली तरी जो हलत नाही तो निंजा, असा अर्थ काढून लोक खूश होतात. मला अशा गोजिरवाण्या व्युत्पत्त्यांचा जरा रागच आहे. जपानीने उसन्या घेतलेल्या चिनी लिपीतल्या असंख्य अक्षरांप्रमाणे येथेही वरचा भाग मुख्यतः उच्चार सुचवण्यासाठी आलेला आहे आणि अर्थाचा भार खालच्या हृदयावर आहे. हे ठाऊक असूनही ते पाते डोळ्यांपुढून हटत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

शिवाय हीच दोन अक्षरे जपानी वळणाने वाचली की 'शिनोबी-नो-मोनो' असा उच्चार होतो आणि जुनी माणसे वाचत ती अशीच, किंवा नुसते 'शिनोबी' म्हणत. 'निंजा' हा उच्चार सर्वतोमुखी झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कादंबऱ्या आणि चित्रपटांमुळे. त्याच्या कितीतरी आधी, जपानी सरदारांच्या आपसांतल्या युद्धांच्या धामधुमीच्या काळात अशा हेरांना प्रांतोप्रांती वेगवेगळी नावे होती. कुठे 'कुसा', म्हणजे गवत. कुठे 'नोकिझारू', म्हणजे वळचणीचे माकड. या दुसऱ्या नावावर माझा विशेष जीव आहे. जेझुइट पाद्र्यांनी 1603 साली नागासाकीत छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात 'शिनोबी' आहे. युद्धात रात्री किंवा गुपचूप किल्ल्यावर चढून अथवा शत्रूच्या छावणीत शिरून बातमी काढणारा हेर, असा त्याचा अर्थ दिला आहे. त्या पाद्र्यांचे छापखान्याचे सामान युरोपातून जपानला गेले ते गोव्यावरून आणि वाटेत 1588 साली गोव्यात त्यावर एका जपानी तरुणाचे लॅटिन भाषण छापलेही गेले. हा शब्द टिपून ठेवणाऱ्या छापखान्याने आधी आपल्याकडचे पाणी प्यायले होते तर!

पण माझी मोजणी अडली ती 'शिनोबी'च्या मुळाशी असलेल्या 'शिनोबु' या क्रियापदापाशी. त्याचे दोन अर्थ आहेत: लपणे आणि सोसणे. कोशात ते वेगवेगळे दिले आहेत. मला मात्र ते एकत्रच शिकायला मिळाले होते, मावशीच्या घरी, मे महिन्यात, लपंडाव खेळताना. धान्याची कोठी आणि भिंत यांच्या बेचक्यात मी अंग चोरून बसलो होतो आणि शेजारीच वाळवून भरलेल्या लाल मिरच्यांचे पोते होते. नाकात शिंक येऊन उभी राहिली. पोटरीवर मुंगळा चढत होता. ज्याच्यावर राज्य होते त्याची पावले दारापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. त्या अर्ध्या मिनिटात लपणे कुठे संपत होते आणि सोसणे कुठे सुरू होत होते, हे मला आजही सांगता यायचे नाही. आपल्याकडे 'दम धर' म्हणतात, त्यात श्वास रोखणे आणि वाट पाहणे ही दोन्ही कामे एकाच धातूवर भागतात. जपानी माणसाने तशीच काटकसर केली असावी.

ज्याला आपण उड्या मारणारा, चांदणीच्या आकाराची पाती फेकणारा समजतो, त्याच्या नावात उडी कुठेच नाही. 1676 साली लिहिलेल्या 'बानसेनशुकाई' या ग्रंथात हेरगिरीच्या युक्त्या चिक्कार आहेत, पण त्यांच्याही आधी प्रकरण येते ते मन सरळ ठेवण्याचे. आणि हे 'निन' अक्षर तर फार लांबचा प्रवास केलेले आहे. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्यांनी संस्कृत 'क्षान्ति'साठी, म्हणजे सोशिकपणासाठी, हेच अक्षर घेतले; पूर्णत्वाला नेणाऱ्या ज्या सहा गुणांना बौद्ध 'पारमिता' म्हणतात, त्यांतली ही तिसरी. आपण राहतो त्या जगाला ते ग्रंथ 'सहा' म्हणतात. हा आकडा नव्हे, ही 'साहणे'मागची 'सह्' धातू. आणि त्याचे चिनी भाषांतर 'सोसण्याची भूमी' असे करताना पुन्हा तेच पाते आणि तेच हृदय. म्हणजे या हिशेबाने

येथवर आलो आणि स्वयंपाकघरातून, गव्हाच्या डब्यामागून, एक दणदणीत शिंक ऐकू आली. घड्याळात पाहिले. पाऊण तास झाला होता आणि राज्य अजून माझ्यावरच होते.