‘अमेझिंग ग्रेस’चं माहेर

लेकीकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला येऊन महिना झाला होता. तिथले गोल गोल चौक आणि एकसारखी दिसणारी सुपरमार्केट पाठ झाली, तेव्हा मी म्हटलं, “मला ऑल्नीला ने.”

“तिथे काय आहे गं आई? पॅनकेकची शर्यत असते, पण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये.”

“गाणं आहे.”

लेकीने जावयांकडे बघितलं. जावयांनी मुकाट्याने गाडीची किल्ली घेतली.

गाण्याची ओळख मला शाळेतली. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी एक ख्रिस्ती बाई बसायच्या, आम्हा दोघींचं मिळून एक कपाट होतं. वह्या तपासताना त्या ‘अमेझिंग ग्रेस’ गुणगुणायच्या. त्यांनीच गोष्ट सांगितली होती: गुलामांच्या जहाजाचा एक कप्तान होता, समुद्रात वादळ झालं, मरण समोर दिसलं, पश्चात्ताप झाला, धंदा सोडला आणि हे गाणं लिहिलं. “म्हणजे तुमचा वाल्या कोळीच की,” असं मी म्हणाले होते. बाई हसल्या. निवृत्त झाल्यावर मी जरा वाचलं, तेव्हा कळलं की आमच्या दोघींचंही चुकलं होतं.

ऑल्नी मिल्टन कीन्सपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. ग्रेट ऊझ नदीच्या काठचं, एका लांब रस्त्याला धरून वसलेलं गाव. मधोमध बाजारचौक, आणि त्याच्या कोपऱ्यावर लाल विटांचं तीन मजली घर. कवी विल्यम कूपर यात राहायचा. १९०० सालापासून इथे कूपर आणि न्यूटन यांचं संग्रहालय आहे. न्यूटन म्हणजे सफरचंदवाला नव्हे, जॉन न्यूटन. जावयांची इथे थोडी निराशा झाली.

जॉन न्यूटनचा जन्म १७२५चा, लंडनचा. सात वर्षांचा व्हायच्या आत आई गेली. बाप जहाजाचा कप्तान, त्यामुळे पोरगं लहानपणीच समुद्रावर. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याला जबरदस्तीने आरमारात भरती केलं. पळाला, पकडला गेला, सगळ्या खलाशांसमोर फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे राहिला आणि तिथे त्याचे हाल कुत्रा खाईना. अखेर ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाने त्याला उचललं, आणि मार्च १७४८मध्ये अटलांटिकमध्ये ते वादळ आलं.

त्या वादळातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. जहाजाची एक बाजू फुटली होती, पाणी आत येत होतं. माणसं तासन् तास पंप मारत होती, न्यूटनला पंपापाशी स्वतःला दोरीने बांधून घ्यावं लागलं होतं. तरी ते बुडालं नाही. कारण तळात भरलेल्या मालात मधमाश्यांचं मेण आणि लाकूड पुष्कळ होतं, आणि दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. जवळजवळ महिनाभर भरकटून ते मोडकं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. न्यूटन याला देवाची कृपा म्हणाला. मी मराठीची मास्तरीण, मला मेण जास्त आवडलं. दोन्ही एकाच वेळी खरं असायला माझी काही हरकत नाही.

पण इथून पुढे बाईंची गोष्ट आणि खरी हकीकत यांच्या वाटा वेगळ्या होतात. वादळानंतर न्यूटन प्रार्थना करू लागला, शिव्या देणं थांबवलं. धंदा मात्र सोडला नाही. उलट १७५० ते १७५४ या काळात तो स्वतः कप्तान म्हणून गुलामांच्या जहाजांवर तीन खेपा करून आला. वर डेकवर खलाशांना जमवून प्रार्थना म्हणायची, आणि खाली तळघरात साखळदंड घातलेली माणसं. त्याला त्यात विसंगती दिसलीच नाही. १७५४ साली धंदा सुटला तोही मन द्रवलं म्हणून नव्हे, अचानक झटका येऊन तो कोसळला म्हणून. मग लिव्हरपूलला कस्टमच्या खात्यात नोकरी, फावल्या वेळात ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास, आणि १७६४मध्ये ऑल्नीच्या चर्चची पाळकी.

वाल्याने नारदाने विचारल्यावर घरी जाऊन एकदाच प्रश्न विचारला आणि कुऱ्हाड टाकली. न्यूटनची कुऱ्हाड हातातून निसटली, आणि ती कुऱ्हाड होती हे कळायलाच त्याला पुढे कित्येक वर्षं लागली.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो लेसच्या खोलीत. न्यूटन आला तेव्हा हे गाव लेस विणणाऱ्यांचं होतं, आणि गरीब होतं. गोल, टणक, गवत ठासलेली उशी. तिच्यावर टोचलेला नक्षीचा कागद. टाचण्यांचं दाट रान. आणि बाजूंना लोंबणाऱ्या हाडाच्या, लाकडाच्या बारीक कांड्या. प्रत्येक कांडीच्या टोकाला तारेत ओवलेले काचेचे मणी. मला वाटलं हौस म्हणून. तर ते वजनासाठी, शिवाय कांडी गडगडू नये म्हणून. बायका आणि लहान मुली अशा अंधाऱ्या खोल्यांतून दिवसभर बसायच्या. डोळे जायचे, पाठी जायच्या. न्यूटन ज्यांच्यासाठी गाणी लिहायचा, ती ही माणसं.

गाणी कशी लिहायचा, तेही आपल्याला परकं नाही. आठवड्याच्या प्रार्थनासभेसाठी बायबलमधला एक उतारा निवडायचा, त्यावर बोलायचं, आणि त्याच उताऱ्यावर बेतलेलं साध्या शब्दांचं पद सगळ्यांनी म्हणायचं. कीर्तनकार पूर्वरंगाला एक अभंग घेऊन निरूपण करतात, तसंच. फक्त इथे पद निरूपणातून निघायचं. १ जानेवारी १७७३ या दिवशी न्यूटनने बायबलमधल्या ‘इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातला दावीद राजाचा उतारा घेतला: ‘मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथवर आणलंस?’ नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मागे वळून बघायचं आणि पुढचं मागायचं, एवढाच त्या प्रवचनाचा विषय. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्या उताऱ्यावरचं पद. म्हणजे वादळ आणि गाणं यांच्यात पंचवीस वर्षं आहेत. वादळाच्या रात्री लिहिलेलं गाणं वेगळं झालं असतं. हे हिशेब मांडणाऱ्या मध्यमवयीन माणसाचं गाणं आहे.

त्याच जानेवारीत कूपरचं मानसिक आजारपण पुन्हा उफाळून आलं. दोघे जिवलग मित्र. कूपरच्या बागेमागे एक आमराईसारखी फळबाग होती (आंबे सोडून सगळं), तिच्या पलीकडे न्यूटनचं घर. मधून ये-जा करायला मिळावी म्हणून ते बागेच्या मालकाला वर्षाला एक गिनी द्यायचे. बागेत अजून कूपरची लिहायची झोपडी उभी आहे. मेण्यापेक्षा काही फार मोठी नाही, असं कूपरनेच लिहून ठेवलंय. मी दारातून डोकावले, तर भिंतींवर जुन्या पाहुण्यांनी आपापली नावं खरडलेली. सिंहगडावर आपण ज्यांना शिव्या देतो, त्यांचे हे इंग्रज चुलतभाऊ.

दोघांच्या पदांचा संग्रह १७७९मध्ये छापला गेला, ‘ऑल्नी हिम्स’. एकूण ३४८ पदं, त्यातली साठ-सत्तर कूपरची, बाकी न्यूटनची. आपलं हे पद पहिल्या भागात एक्केचाळिसावं. त्याला कुणी विशेष मान दिला नाही. इंग्लंडात तर पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ते अडगळीतच होतं. नशीब उघडलं सासरी, अमेरिकेत. तिथल्या दक्षिणेकडच्या मेळाव्यांतून ते गायलं गेलं. १८३५ साली विल्यम वॉकर याने ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात त्याची सांगड ‘न्यू ब्रिटन’ नावाच्या चालीशी घातली. आज जगाला माहीत आहे ती ही चाल. ऑल्नीतल्या लेसवाल्या बायकांनी ही चाल ऐकलेली नव्हती.

ओळींत आठ-सहा-आठ-सहा अशी अक्षरं. मोठ्या अभंगाची कशी सहा-सहा-सहा-चार, तसा हा त्यांचा ठरलेला साचा. साचा जुळला की कुठलीही चाल लावा. आमच्या भजनी मंडळात दर एकादशीला यावरून वाद होतो. आणि ‘न्यू ब्रिटन’चे सूर? मी पेटीवर काढून पाहिलेत: सा रे ग प ध, बस्स. म आणि नी औषधालाही नाहीत. भूपाचेच सूर! राग म्हणणार नाही, चलन वेगळं आहे; पण बाई गुणगुणायच्या तेव्हा ते मला ओळखीचं का वाटायचं, याचं उत्तर मिळालं. शेवटचं ‘दहा हजार वर्षांचं’ कडवंही न्यूटनचं नाही, ते अमेरिकेत मागाहून चिकटलं. आपल्याकडे संतांच्या गाथांत हे नित्याचंच.

हाय स्ट्रीटवर बॅप्टिस्ट चर्च लागलं, तिथे मी एकटीच थांबले. जोडे शिवणारा विल्यम केरी याच मंडळीचा सभासद होता. १७८६ साली ऑल्नीच्या मंडळीनेच त्याला उपदेशक म्हणून मान्यता दिली. हाच केरी पुढे बंगालमध्ये सेरामपूरला गेला, आणि १८०५मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, १८१०मध्ये मराठी कोश, तोही मोडी टाइपात, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. चौतीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेली बाई त्या फाटकासमोर उभी राहून हे सगळं लेकीला सांगत होती. लेक म्हणाली, “आई, पार्किंगची वेळ संपतेय.”

न्यूटनचं चर्च गावाच्या दक्षिण टोकाला, नदीलगत. १८५ फुटांचा दगडी मनोरा लांबूनच दिसतो. आत एका कोपऱ्यात न्यूटनचं लाकडी व्यासपीठ ठेवलंय. बाहेर आवारात ग्रॅनाइटची कबर. न्यूटन १७८०मध्ये लंडनला गेला आणि तिथेच १८०७च्या डिसेंबरात वारला. १८९३ साली त्याचे आणि त्याची बायको मेरीचे अवशेष इथे आणले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो उघडपणे बोलला ते १७८८मध्ये, पत्रक छापून. वादळाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. त्यात त्याने आपण स्वतः या धंद्यात होतो हे लपवलं नाही. व्यापारबंदीचा कायदा १८०७च्या मार्चमध्ये झाला, तो बघून म्हातारा गेला.

कबरीवरचा मजकूर त्याचा त्यानेच लिहून ठेवलेला. त्यात तो स्वतःला एकेकाळचा नास्तिक आणि स्वैराचारी म्हणतो, आणि ‘आफ्रिकेतल्या गुलामांचा चाकर’ म्हणतो. मी तो दोनदा वाचला. चाकरीचा उल्लेख आहे, कप्तानकीचा नाही.

लेकीला मी हे दाखवलं. ती म्हणाली, “दगडावर जागा कमी असेल.”

“तेवढी होती,” मी म्हटलं.

जावई नदीकडच्या कुरणाच्या कठड्याला टेकून मोबाइलवर बॅगपाइपवाली चाल लावून उभे होते. १९७२मध्ये स्कॉटिश पलटणीच्या बँडने वाजवलेली, तेव्हा इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलेली. दोनशे वर्षांनी लेक माहेरी आली ती अशी, शब्दांशिवाय. पहिली ओळ वाजली. मी हातानेच ताल धरून खालच्या सुरात भूप धरला. बाईंना पाठवायला म्हणून लेकीने ते रेकॉर्ड केलं, पण त्यात वाराच जास्त आला आहे.