चौथा भिडू

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत कोणीतरी दोन खांबांना नेट बांधू लागले, की वरच्या खिडक्यांकडे बघत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘‘चौथा कोण?’’ बॅडमिंटनच्या दुहेरी डावाला चार माणसे लागतात, आणि तिघे जमल्यावर चौथ्याची जी निकड निर्माण होते तिच्यापुढे वय, हुद्दा, गेल्या आठवड्यात गाडी लावण्यावरून झालेली बाचाबाची, यांपैकी काहीही टिकत नाही. मला त्या खेळात प्रवेश मिळाला तो केवळ त्या दिवशी खिडकीत उभा होतो म्हणून. चार वर्षे एकाच जिन्याने चढउतर करूनही ज्यांची नावे मला ठाऊक नव्हती, त्यांचा बॅकहँड किती कच्चा आहे हे मला पंधरा दिवसांत कळले. नावे त्यानंतर कळली.

त्यापूर्वी दोन वर्षे मी एका व्यायामशाळेत जात असे. तिथे शेजारच्या पट्ट्यावर धावणारा मनुष्य रोज तोच असे आणि आम्ही दोघेही समोरच्या पडद्याकडे बघत असू. मी जाणे बंद केले हे सर्वांत आधी लक्षात आले ते वर्गणीची आठवण करून देणाऱ्या संगणकाच्या. खेळाचे मात्र तसे नसते. एक जण आला नाही की डाव अडतो आणि अडलेला डाव माणसाला चौकशी करायला भाग पाडतो. या चौकशीत सुरुवातीला आपुलकीपेक्षा स्वार्थच अधिक असतो, हे मान्य करायला हरकत नाही. आपुलकी मागाहून, बहुधा आपल्या नकळत येते.

कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार प्रौढांचा जवळपास २५ वर्षे मागोवा घेणाऱ्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, ते मला म्हणूनच फारसे नवलाचे वाटले नाहीत. बैठे आयुष्य काढणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षे, बॅडमिंटनवाले ६.२ वर्षे आणि फुटबॉलवाले ४.७ वर्षे अधिक जगत असल्याचे त्या आकडेवारीत दिसले. एकट्याने धावण्याच्या वाट्याला ३.२ वर्षे आली आणि व्यायामशाळेच्या वाट्याला अवघे दीड वर्ष. टेनिस खेळणाऱ्यांची सांपत्तिक स्थिती मुळातच बरी असू शकते आणि अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरेच आहे. तरीही ज्या प्रकारांना दुसरे माणूस लागते ते वर आणि जे एकट्याने उरकता येतात ते खाली, ही उतरंड डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. ऑक्सफर्डच्या १२ नौकापटूंवर झालेला एक छोटासा प्रयोगही याच दिशेला बोट दाखवतो : वल्ही मारण्याचे श्रम तेवढेच असताना एकट्याने सराव केल्यानंतरच्या तुलनेत सर्वांनी एका लयीत सराव केल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली.

मला मात्र या साऱ्या आकड्यांपेक्षा ‘लिंबूटिंबू’ या शब्दात अधिक आरोग्यशास्त्र भरलेले दिसते. पकडापकडीत सर्वांत धाकट्या पोराला घ्यायचे तर असते, पण ते बाद झाले तर रडणार आणि बाद झाले नाही तर खेळाचा विचका होणार, या पेचातून मुलांनी काढलेली ही वाट आहे. लिंबूटिंबू पळतो, ओरडतो, त्याला पकडल्याचे नाटकही साग्रसंगीत केले जाते, मात्र त्याच्यावर राज्य येत नाही. कोणत्याही मोठ्या माणसाने न शिकवता आठ-दहा वर्षांची मुले नियम न मोडता वाकवतात, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. आपल्या कचेऱ्यांना ती अद्याप जमलेली नाही. कुत्र्यांना मात्र जमते : पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर उचलून कुत्रा खेळाचे आमंत्रण देतो, आणि अंगाने थोराड कुत्रा पिल्लाशी खेळताना आपण होऊन पाठीवर लोळतो, चावा घेण्याचे केवळ सोंग करतो. सतत चीत होणाऱ्या भिडूची हौस लवकरच मरते आणि भिडूच उरला नाही तर खेळ कोणाशी खेळायचा, एवढे व्यवहारज्ञान त्याच्या ठायी असावे.

अर्थात असे जमण्यासाठी जागा लागते, आणि ती भव्य असण्याची गरज नसते. आल्डो व्हान आइक या वास्तुशिल्पकाराने १९४७ पासून अॅमस्टरडॅममध्ये ७०० हून अधिक क्रीडास्थळे उभारली, त्यांपैकी कित्येक दोन इमारतींमधल्या पडीक तुकड्यांवर होती. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, काही ठोकळे आणि बसायला बाके, एवढाच त्यांचा सरंजाम असे. त्यांतली बाके मला फार महत्त्वाची वाटतात, कारण मुले वाळूत असताना मोठ्यांना एकमेकांशी बोलण्याचे निमित्त तिथे आयतेच मिळते. १९८९ च्या बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारात ३१ व्या कलमाने खेळण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र त्या करारापुरते बालपण अठराव्या वर्षी संपते आणि त्यापुढच्यांना खेळायचे असेल तर ‘चौथा कोण?’ अशी हाक येण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

आमच्यातले सर्वांत वडीलधारे भिडू म्हणजे तळमजल्यावरचे काका. त्यांच्या बाजूला सर्व्हिस करताना प्रत्येक जण फूल जरा उंच आणि सावकाश टाकतो. ही सवलत कोणी ठरवलेली नाही आणि तिचा उच्चारही कधी होत नाही. गेल्या महिन्यात सलग दोन संध्याकाळी ते खाली आले नाहीत, तेव्हा रॅकेट हातात घेऊनच दोघे जण त्यांच्या दाराशी गेले. गुडघा सुजला होता आणि मुलगा परगावी असल्यामुळे डॉक्टरांकडे जाणे त्यांनी लांबणीवर टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेण्यात आले आणि पुढचे काही आठवडे खेळण्यास मनाई झाली. आता ते नेटच्या टोकाला खुर्ची टाकून गुण मोजतात. मोजणीत ते उघडउघड पक्षपात करतात, हरणाऱ्या बाजूला अधूनमधून एखादा गुण परस्पर बहाल करतात, आणि कोणी हरकत घेतलीच तर ‘‘काका, चष्मा!’’ एवढेच म्हणून पुढची सर्व्हिस सुरू होते.