गाडी सात महिन्यात झाली, एका आकड्यानं वर्ष खाल्लं

सगळ्यात आधी एक सांगतो, नाहीतर पुढं विसरेन. जुनी पिकअप घरी बनवायला घेणार असाल तर पाना हातात घ्यायच्या आधी चासी नंबर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला नंबर, शोधा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि आरसीशी (गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी) एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. मी हे केलं नाही. मी काय केलं ते खाली येतंयच.

गाडी माझ्या मामाची. १९९१ ची महिंद्रा, जीपसारखं तोंड, मागं हौदा, आत पेजोचं डिझेल इंजिन. मामाचं गाव महाराष्ट्रात, आमचं कर्नाटकात, मध्ये सतरा किलोमीटर. पासिंग महाराष्ट्राचं, पण मामा आयुष्यभर काजू आणि रताळी घेऊन आला तो बेळगावच्या मार्केटलाच, त्यामुळं गाडीला हद्द कधी कळलीच नाही. ती कळली कागद काढल्यावर.

बारा वर्षं गाडी गोठ्याच्या मागं उभी होती. आमच्या पश्चिम भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनला लागला की दसऱ्यापर्यंत पत्र्याला सुकू देत नाही. हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. भंगारवाल्यानं २८ हजार सांगितलेले, मामा म्हणाला, "त्याला घालण्यापरीस तूच ने गा, पण चालू करून दाखव." २०२२ च्या दिवाळीनंतर दोरी बांधून ट्रॅक्टरनं ओढत आणली. भिशी लागलेली होती ८० हजारांची, तेवढ्यात बसवायचं, घरच्या पैशाला हात लावायचा नाही, असं बायकोला कबूल केलं होतं.

इंजिनाचं फार लिहीत नाही कारण ते सरळ झालं. २११२ सीसी, चार सिलेंडर, बोअर ९० आणि स्ट्रोक ८३ मिलीमीटर, जुन्या जीपवाल्या मिस्त्रींना हे इंजिन डोळे झाकून येतं. हेड उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, प्लेन करून आणलं, रिंगा, बेअरिंग, हेड पॅकिंग, नोझल चेकिंग, झालं. बेळगावात राहण्याचा हा एक फायदा आहे, एखादा पार्ट मिळत नसला तर जुना तुकडा घेऊन उद्यमबागेत जायचं, कोण ना कोण लेथवर तसाच काढून देतोच. माझे पाट्याचे बुश आणि एक्सलेटरच्या लिंकची पिन तशीच बनलेली आहे.

खरा घाम काढला तो ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यानं. रबरी मॅट उचललं तर खाली अंगणातलं गवत दिसलं. पैसे वाचवायचे म्हणून मी घरातल्या जुन्या लोखंडी कपाटाचं दार कापून तिथं बसवायला घेतलं, आणि साध्या आर्क वेल्डिंगनं त्याला भोकंच भोकं पडली, एक बुजवलं की शेजारी दुसरं. शेवटी अठरा गेजचा नवा पत्रा आणला. त्यालासुद्धा एका दमात शिवण मारायची नाही, इथं एक टाका, मग पार पलीकडच्या टोकाला एक टाका, मध्ये चहा प्या, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. माझ्या पत्र्याला डावीकडं अजून एक लाट आहे, मॅटखाली झाकली आहे.

डिझेलच्या टाकीचा गंज काढायला आत मूठभर नट आणि साखळीचे तुकडे टाकले, थोडं रॉकेल ओतलं, तोंड बंद केलं आणि टाकी चक्क झोपाळ्याला बांधली. दोन दिवस पोरांनी झोके दिले. टाकीला चिर असेल तर घरी वेल्डिंग करायच्या भानगडीत पडू नका, डिझेलची वाफ आत राहते, ती जीव घेईल.

आणि चासी. हीच ती चूक. चासीवर गंजाचे पापुद्रे होते म्हणून ग्राइंडरला वायर ब्रश लावला आणि पुढून मागपर्यंत खरवडून काढलं, मग रेड ऑक्साइड, मग काळ्या रंगाचे दोन हात. लय भारी दिसत होती. पुढच्या चाकाच्या वरच्या बाजूला ठोकलेला नंबर त्यात कुठं गेला ते मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

२०२३ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आठवड्यात, गाडी चालू झाली. हीटर तापवला, पंपाची हवा काढली, तिसऱ्या स्टार्टला पांढरा धूर टाकून उभी राहिली. मी आपला खूश, म्हटलं आता कागद, पंधरा दिवस.

तेरा महिने लागले.

काय काय करायचं ते आधी सांगतो. गाडी दुसऱ्या राज्यात कायमची न्यायची तर जुन्या आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला) घ्यायची, त्याचा फॉर्म २८. मग इकडं नवीन नंबरसाठी फॉर्म २७ आणि मालकी बदलायला २९ आणि ३०. कायद्यानं दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो. वर आमची गाडी मालवाहू म्हणून पास, म्हणजे आठ वर्षांनंतर फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का ती तपासणी) दरवर्षी. थकलेला टॅक्स भरला तो वेगळा, तो आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही.

पहिला खोडा: आरसी जुनं वहीसारखं बुक, पाण्यानं फुगलेलं, आणि गाडी कॉम्प्युटरवर नाहीच. म्हणजे आधी बॅकलॉग एंट्री, जुनी कागदावरची नोंद कॉम्प्युटरवर चढवायची. पलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, ऑफिसमध्ये (नाव घेत नाही, अलीकडच्याचंही घेत नाही) अर्ज लिहून द्या म्हणाले. मामाला चष्म्याशिवाय दिसत नाही, चष्मा घरी, म्हणून काउंटरवर उभं राहून अर्ज मीच भरला, चासी नंबर, इंजिन नंबर, सगळं. मामानं सही केली. महिनाभरात एंट्री झाली, विमा काढला, पीयूसी काढली, एनओसी हातात आली. मी तर पेढे घेऊन घरी गेलो.

मग गाडी अलीकडच्या ऑफिसच्या मैदानात नेली. साहेब खाली वाकले, नंबर कुठं आहे म्हणाले. काळ्या रंगाखाली! थिनर आणायला गेलो, पाऊण तास घासलं, तोवर माझ्या मागच्या चार गाड्या पास होऊन गेल्या. नंबर दिसला तेव्हा त्याच्यावर वायर ब्रशचे ओरखडे. साहेबांनी वर पातळ कागद धरला, पेन्सिल आडवी घासली, छाप उठला. त्यांनी कागद बघितला, मोबाईल बघितला, परत कागद बघितला, आणि मला म्हणाले, "गाडी ब्यारे ऐत्री." गाडी वेगळी आहे. कागदावर शेवटून तिसरा आकडा एक, कॉम्प्युटरवर नऊ.

मी म्हटलं सर मामाची गाडी आहे, लहानपणापासून बसतोय. ते म्हणाले, "आणि नंबरवर ग्राइंडर कुणी मारलाय?" त्या क्षणाला पोटात जो गोळा आला तो सांगता येत नाही. चोरीच्या गाडीचे नंबर असेच घासतात. बरं तर बरं, एक आकडा सोडून बाकी सगळे जुळत होते आणि इंजिन नंबर पूर्ण जुळला, म्हणून गाडी तिथं ठेवून घेतली नाही. दुरुस्त करून आणा म्हणाले.

आता दुरुस्ती कुठं? पलीकडं. पलीकडचे म्हणाले, एनओसी दिली की आमच्या कॉम्प्युटरवर ही गाडी बंद, त्यात काही बदलता येत नाही, आधी एनओसी रद्द करा. बरं, रद्द करा. म्हणाले, त्यासाठी अलीकडच्या ऑफिसचं पत्र आणा की ही एनओसी आम्ही वापरलेली नाही आणि गाडी आमच्याकडं नोंदलेली नाही. अलीकडं आलो. ते म्हणाले, आम्ही तुमची फाईल घेतलीच नाही, तर वापरली नाही हे कसं लिहून देणार? फाईल घ्या म्हटलं, तर म्हणाले नंबर जुळत नाही, फाईल घेता येत नाही.

हे तीनदा वाचा. मी नऊ महिने ह्याच्यात होतो.

अकरा खेपा झाल्या, मोजल्यात. एक दिवस सर्व्हर डाउन, एक दिवस साहेब ट्रेनिंगला, एक दिवस कसलीतरी जयंती जी ह्या राज्यात सुट्टी आणि त्या राज्यात नाही. "नाळे बर्री", उद्या या, हे दोन शब्द मी आता झोपेत बोलतो. पलीकडं मराठीत ओरडून घ्यायचं, अलीकडं कन्नडमध्ये, अर्थ एकच. दर खेपेला अर्धी रजा, एसटीचं भाडं, झेरॉक्स, वर मामाला सोबत न्यायचं तर त्याला दोनदा चहा आणि एकदा मिरची भजी लागतेच. मधल्या काळात जो भेटेल तो अक्कल शिकवायचा. कोण म्हणालं, पंधरा वर्षं झालेली गाडी सरकार भंगारातच घालतं, सोड नाद. तसं नाहीये, सरसकट वयावर बंदी तेव्हा होती ती दिल्लीकडं, आपल्याकडं खाजगी माणसाची गाडी फिटनेस पास झाली की चालते, फक्त एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांची फी दाबून वाढवलीय. दुसरा म्हणाला विंटेजमध्ये घाल. त्याला गाडी ५० वर्षांच्या वरची लागते, नवीन नोंदणीची फी २० हजार, आणि मग रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. १९९१ ला अजून तेवढी वर्षं कुठं झालीत, आणि रताळी मग डोक्यावरून नेऊ का?

सुटलं कसं ते सांगतो. एका रिटायर्ड क्लार्कनं सुचवलं की तोंडी बोलणं बंद कर, अर्ज दे, आणि दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको. हे मी पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं, तुम्ही करा. अर्जात फक्त एवढंच विचारलं की ह्या नंबरची गाडी तुमच्याकडं नोंदलेली आहे का. एनओसीचं नाव काढलं नाही. अठरा दिवसांनी उत्तर आलं, नोंदलेली नाही. झालं की! हेच तर पत्र पाहिजे होतं.

ते पत्र घेऊन पलीकडं गेलो, एनओसी रद्द झाली, दुरुस्तीसाठी गाडी प्रत्यक्ष दाखवा म्हणाले. फिटनेस नाही, म्हणजे चालवत नेता येत नाही, ४२०० रुपये देऊन दुसऱ्याच्या मोठ्या गाडीवर चढवून नेली. तिथं एक नवीन साहेब होते, वयानं माझ्याएवढेच. त्यांनी जुनी फाईल मागवली, चूक कुणाची ते बघायला. मी आधीच तोंड सोडलं होतं, की तुमच्या ऑपरेटरनं डोळे मिटून टाईप केलं, माझं वर्ष गेलं, वगैरे. त्यांनी फाईलमधला पहिला अर्ज काढून माझ्यासमोर सरकवला आणि नंबरवर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

माझं. सगळे आकडे इंग्रजी, आणि मधला १ तेवढा मराठी. गोल करून खाली शेपूट सोडलेला, शाळेत बाईंनी गिरवून घेतला तसा. इंग्रजी आकड्यांच्या ओळीत तो बसला की कुणीही नऊच वाचणार, मी स्वतः नऊ वाचला.

साहेब हसले. "शाळा मराठी ना? मी पण असाच काढतो, चेकवर दोनदा घोळ झालाय." मामा बाकड्यावरून म्हणाला, "बारा वेळा मला फिरवलं ते ह्याच्या अक्षरापायी व्हय?" दुरुस्ती त्याच दिवशी झाली. चाळीस मिनिटं.

त्यानंतर परत एनओसी, परत अलीकडचं मैदान, परत पेन्सिल. ह्या वेळी मी नंबरवर रंग न देता नुसतं ग्रीस लावून ठेवलं होतं, पुसलं की स्वच्छ. तुम्हीही तसंच करा. फिटनेसला जाताना रिफ्लेक्टर टेप विसरू नका, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, मी पिवळी विसरलो आणि गेटबाहेरच्या दुकानात दुप्पट पैसे मोजले. २०२४ च्या जुलैत नवीन नंबर पडला. भिशीच्या वर ३१ हजार गेले, त्यातले निम्मे ह्या फिरण्यातले.

पहिल्या रविवारी गाडी मामाकडं नेली. मला वाटलं इंजिन ऐकेल, बॉनेट उघडायला लावेल. तो सरळ मागं गेला, हौद्याच्या डाव्या कोपऱ्यावरून तळहात फिरवला, परत फिरवला.

"इथं पोचा होता की. सर्जानं शिंग मारलेलं. कुठं गेला?"

सर्जा त्याचा बैल, जाऊन वीस वर्षं झाली. तो पोचा मीच ठोकून काढून घेतला होता, वर लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून, डेंटिंगवाल्याला चौदाशे रुपये देऊन.