अननस, बेदाणे आणि रम: उलट्या केकचा माझा अनुभव

अननसाचा अपसाइड-डाउन केक दिसायला जितका देखणा, तितकाच करायला चकवणारा पदार्थ आहे, कारण त्याचा दर्शनी भाग टिनच्या तळाशी, आपल्या नजरेआड तयार होत असतो. गूळ किती गडद झाला, फळ मऊ पडले की नाही, रस वरच्या मिश्रणात शिरला का, यांतले काहीही केक भाजत असताना कळत नाही. नाताळच्या सुट्टीत बहीण आणि मेहुणे आमच्याकडे येणार होते, तेव्हा तयार पीठ, डबाबंद चकत्या किंवा बाजारातले सिरप यांतले काहीही न वापरता हा केक घरी करायचे मी ठरवले. त्यात रम हवी ही फर्माईश मेहुण्यांची. करता करता लक्षात आले की या केकमधली सगळी कसरत पाण्याची असते. अननसात पाणी, लोण्यात पाणी, रममध्येही निम्म्याहून अधिक पाणी. ते कुठे राहू द्यायचे आणि कुठून काढून टाकायचे, एवढे जमले की बाकीचा केक फारसा अवघड नाही.

सुरुवात रमपासून केली, कारण तिलाच सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. गडद रम म्हटली की आपल्याकडे ओल्ड मंकचे नाव आपोआप तोंडी येते. १९५४ साली बाजारात आलेली ही रम ४२.८ टक्के अल्कोहोलची आहे, आणि तिला व्हॅनिला व जळक्या साखरेचा जो वास येतो तो केकला फार मानवतो. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला आणि प्यायला १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो आणि विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. केकसाठी चार चमचे रम हवी असलेली मी अशा रीतीने सरकारदरबारी रीतसर मद्यपी ठरले, आणि यावरून घरात माझी यथेच्छ थट्टा झाली.

रममध्ये भिजवायला तासगावचे बेदाणे घेतले. बेदाणा तयार करताना द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात, आणि रंग पिवळा राहावा म्हणून त्यांना पुष्कळदा गंधकाची धुरीही देतात. म्हणून ते आधी कोमट पाण्यात हलक्या हाताने चोळून धुतले, पंचावर पसरले आणि अंगचे पाणी पूर्ण सुकेपर्यंत तसेच राहू दिले. ओलेच बेदाणे बरणीत गेले असते तर रम तेवढ्याने पातळ झाली असती. १०० ग्रॅम बेदाण्यांना ६० मिलिलिटर, म्हणजे बारच्या भाषेत एक लार्ज पेग, एवढे प्रमाण पुरते. काचेच्या बरणीचे झाकण घट्ट लावून ती रात्रभर ओट्यावर ठेवली आणि झोपण्यापूर्वी एकदोनदा उलटीसुलटी केली. सकाळी बेदाण्यांच्या सुरकुत्या गेलेल्या होत्या, साली ताणून तुकतुकीत झाल्या होत्या, आणि तळाशी काकवीसारखी गडद, दाटसर अशी थोडी रम उरली होती. ती फेकायची नसते. पुढे तिचेच खरे काम आहे.

अननस आणायला मंडईत गेले. नेहमीच्या फळवाल्या काकांनी विचारले, “ताई, आज कापायचा की दोन दिवसांनी?” केकसाठी हवा आहे आणि फार रसाळ नको, असे सांगितल्यावर त्यांनी हातातला थोराड अननस परत ढिगावर ठेवला आणि त्याच्या निम्म्या आकाराचा, सोनेरी झाक असलेला एक पुढे केला. “मग हा घ्या. बुडाशी वास घेऊन बघा.” सल्ला अगदी बरोबर होता. आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे अननस मिळतात: मोठा, पाणीदार क्यू आणि लहान, घट्ट गराचा, अधिक सुवासिक क्वीन. केरळमधल्या वाझकुळमचा प्रसिद्ध अननस या दुसऱ्याच गटातला आहे. खायला क्यू काही वाईट नाही, पण भाजायच्या केकमध्ये त्याचा रस आवरत नाही.

अननस सोलण्याचे काम मला आवडते, आणि त्याची घाई करू नये असे माझे मत आहे. साल पातळ काढली की खाली तपकिरी डोळे उरतात, आणि नीट पाहिले तर ते तिरक्या ओळींत, फळाभोवती मळसूत्रासारखे वर चढत गेलेले दिसतात. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरपी धरून व्ही आकाराची खाच घेत गेले की डोळ्यांची अख्खी रांग एका पट्टीत सुटून येते आणि गर जवळजवळ वाया जात नाही. डोळे जातील एवढी जाड साल उतरवली, तर फळाचा सगळ्यांत गोड भागच कचऱ्यात जातो. नंतर बोटाच्या जाडीपेक्षा किंचित कमी अशा चकत्या करून मधला चोथट दांडा बाटलीच्या झाकणाने दाबून काढला. भोक असलेली ही चकती मुळात यंत्राची देणगी आहे. हवाई बेटांवर जेम्स डोल यांच्या कंपनीसाठी हेन्री जिनाका यांनी १९११ मध्ये अननस सोलून त्याचा दांडा काढणारे यंत्र तयार केले, डबाबंद चकत्या घरोघरी पोचल्या, आणि १९२५ मध्ये त्याच कंपनीने पाककृतींची स्पर्धा जाहीर केली तेव्हा या उलट्या केकच्या कृतींचा अक्षरशः पाऊस पडला. फळ तळाशी लावून केक उलटण्याची रीत त्याआधीचीच, पण अननसाने ती गाजवली.

चकत्या कच्च्याच टिनमध्ये लावण्याची पद्धत सर्रास आहे, आणि केकचा खालचा थर गिचका होण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. मी त्या फडक्यावर टिपून घेतल्या आणि जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर लोण्यावर, दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे परतल्या. सुरुवातीला भरपूर रस सुटतो आणि फळ परतण्याऐवजी उकडू लागते. तो आटून फसफस थांबली आणि चरचर असा बारीक आवाज येऊ लागला की कडांना तांबूस रंग धरतो. परतण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने तोडणारे द्रव्य असते, दुधात मिसळल्यास ते कडवटपणा आणते, आणि उष्णतेने ते निष्प्रभ होते.

चकत्या बाजूला काढून त्याच पॅनमध्ये तळाच्या थराची तयारी केली. परदेशी कृतींमध्ये येथे ब्राउन शुगर असते, म्हणजे मळीचा अंश असलेली साखर. आपल्या गुळातून मळी मुळात काढलेलीच नसते, आणि रमही मळीपासूनच बनते. त्यामुळे गूळ आणि रम यांची चव एकमेकींत सहज मिसळते. ८० ग्रॅम कोल्हापुरी गूळ बारीक चिरून ५० ग्रॅम लोण्यासोबत मंद आचेवर वितळवला आणि चिमूटभर मीठ घातले. येथे चिक्कीचा गूळ अजिबात घेऊ नये आणि पाकही पुढे जाऊ देऊ नये. गूळ विरघळून सर्वत्र बुडबुडे आले की थांबायचे. गोळीबंद पाकापर्यंत गेला तर थंड झाल्यावर तळाशी चिक्की होते आणि केक टिन सोडत नाही. गॅस पूर्ण बंद करून, पॅन शेगडीवरून उतरवून, मगच त्यात चमचाभर रम घातली, कारण तापलेल्या पॅनमधून उठणारी अल्कोहोलची वाफ पेटत्या बर्नरपाशी भपकन पेट घेऊ शकते.

केकसाठी मी घरचे लोणी वापरले, आणि पाण्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला. बाजारच्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, पण सायीच्या लोण्यात ताक दडलेले असते. बर्फाच्या पाण्यात लोणी दोन-तीनदा धुऊन, ताटात उलथन्याने दाबून दाबून त्याचे पाणी काढावे लागते. दाबताना पांढरट थेंब येणे बंद झाले की लोणी तयार झाले असे समजावे. असे ११५ ग्रॅम लोणी १२० ग्रॅम बारीक साखरेबरोबर फेटले. साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक कप्पे करतात आणि बेकिंग पावडर पुढे तेच कप्पे फुगवते, म्हणून येथे आळस केला तर तो केकमध्ये दिसतो. मिश्रण फिकट आणि हलके झाल्यावर फ्रिजबाहेर ठेवलेली दोन अंडी एकेक करून घातली. थंडगार अंडी घातल्यास लोणी आखडते आणि मिश्रण फाटल्यासारखे दिसते. मग १५० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि थोडे मीठ चाळून, ६० मिलिलिटर दुधाबरोबर आलटून पालटून, हलक्या हाताने मिसळले. हे मिश्रण नेहमीच्या केकपेक्षा मुद्दाम घट्टसर ठेवले होते. ते सैल असले तर फळांच्या फटींतून तळाशी उतरते आणि उलटल्यावर चकत्यांचा चेहराच झाकून टाकते.

टिन आठ इंची आणि अखंड बुडाचा घ्यावा. सुट्या तळाच्या टिनमधून गुळाचा पाक ओव्हनभर गळतो. तळाशी पाक, त्यावर चकत्या, चकत्यांच्या भोकांत चेरीऐवजी निथळलेले बेदाणे, उरलेले बेदाणे मैद्यात घोळवून मिश्रणात, असे सगळे लावून ओटीजीमध्ये १७० अंशांवर, वरची आणि खालची अशा दोन्ही कॉइल सुरू ठेवून, पाऊण तासाच्या आसपास भाजले. पहिला अर्धा तास दार उघडले नाही. नंतर विणकामाची सुई घालून पाहिली, पण ती तळापर्यंत खुपसली नाही, कारण फळापाशी ती नेहमीच ओली निघणार आणि त्या ओलाव्यावर विसंबून केक भाजत राहिलो तर तो वरून कोरडा ठणठणीत होतो.

बाहेर काढल्याबरोबर गरम केकच्या वरच्या, म्हणजे लवकरच खालच्या होणाऱ्या, बाजूला सुईने भोके पाडून बरणीत राखून ठेवलेली रम चमच्याने सावकाश मुरवली. केक फळाच्या बाजूने आधीच ओला असतो, म्हणून रम विरुद्ध बाजूने द्यायची. आई तेवढ्यात स्वयंपाकघरात डोकावली. “भाजल्यावर त्यात दारू उरत नाही ना गं?” असे तिने विचारले, आणि मी खरे तेच सांगितले. अल्कोहोल सगळे उडून जाते हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अर्धा तास भाजलेल्या पदार्थातही ३५ टक्के अल्कोहोल टिकते, आणि भाजल्यानंतर घातलेली रम तर जवळपास जशीच्या तशी राहते. माझ्या भाचीसाठी संत्र्याच्या रसात बेदाणे भिजवून एक छोटा केक वेगळा केलाच होता. आईने तोच पसंत केला.

उलटण्याची वेळ मात्र घड्याळ लावून पाळावी. पाक वाहता असताना उलटला तर चकत्या घसरतात, आणि फार थांबले तर गूळ टिनला धरून बसतो. दहा मिनिटे हा मध्य मला योग्य वाटतो. कडेने सुरी फिरवली, टिनवर ताट पालथे घातले, जाड टॉवेलने दोन्ही एकत्र घट्ट धरले आणि न थबकता एका झटक्यात फिरवले. लगेच टिन उचलायचा मोह होतो, तो आवरावा. बुडावर दोन थापा मारून थोडा वेळ थांबले, तेव्हा आतून केक ताटावर बसल्याचा मऊ, दबका आवाज आला. टिन उचलला तेव्हा पाक चकत्यांवरून कडेने ओघळत होता. दोन बेदाणे तळाला चिकटून राहिले होते, ते चमच्याने काढून जागच्या जागी बसवले.

मेहुण्यांना रम आणखी चालली असती. माझ्या मते प्रमाण बरोबर होते, कारण अननसाचा वास तिच्याखाली दबला नव्हता. गरमागरम कापण्यापेक्षा हा केक तीन-चार तासांनी अधिक चांगला लागतो. तोवर रम सगळीकडे सारखी पसरते आणि पाक फळाला धरून बसतो. फ्रिजमध्ये ठेवल्यास लोणी गोठून तो घट्ट होतो, तेव्हा खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा, आणि दोन दिवसांत संपवावा, कारण त्यानंतर फळाखालचा थर पाणी धरू लागतो.

बाटलीतली रम अर्थातच बरीच उरली आहे. बरणीत पुन्हा बेदाणे भरून ठेवले आहेत, आणि पुरंदरच्या अंजिरांचा मीठा बहार आला की अननसाऐवजी ताजी अंजिरे उभी चिरून लावायची आहेत. अंजिरात पाणी अननसापेक्षा कमी असते, त्यामुळे ती परतून घ्यायची गरज पडू नये. गूळ मात्र थोडा कमी करावा लागेल.